वसई म्हणजे फक्त किल्ला नव्हे

वसईच्या इतिहासाबद्दल लिहिताना बहुतेक जण सुरुवात १५३४ साली पोर्तुगीज आले तिथून करतात आणि शेवट १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांवरच्या विजयावर. मला त्यात वसईशेजारच्या नालासोपाऱ्याची भर घालावीशी वाटते. आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक दर्यावर्द्यांना ठाऊक असलेलं बंदर. १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, मिळाला. त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा! अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच परिसरात सापडले. खाडी गाळाने भरत गेली नि बंदर मागे पडलं.

व्यापार मात्र थांबला नाही. रेल्वे आल्यावर वसई परिसरातली केळी, विड्याची पानं, फुलं आणि भाजी मुंबईला जाऊ लागली. आणि सुकेळी! राजेळी केळी पिकवून, सोलून, रोज उन्हात घालायची, रात्री झाकून ठेवायची. आठवडाभरात ती मधाच्या रंगाची, चिवट, गोड होतात. केळीच्या वाळक्या सोपटात घट्ट बांधलेली जुडी आमच्याकडे वसईजवळच्या निर्मळच्या जत्रेतून यायची. सोडताना सोपट करकर वाजायचं, नि बोटं चिकट व्हायची.

आता बागायती वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहतायत, राजेळीची लागवड आटतेय. याचं मला फार वाईट वाटतं. कुणाकडे अजून घरी सुकेळी होत असतील तर जरूर लिहा.