स्किमॅटिक एडिटर पहिल्यांदा उघडला तेव्हा काय झालं? खान्देशकर, आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आपल्याकडे सर्किट अजूनही वहीच्या मागच्या पानावर काढतात, आणि पान फाटलं की सर्किट गेलं. म्हणून ज्यांनी ज्यांनी कॉम्प्युटरवर स्किमॅटिक (म्हणजे सर्किटची आकृती) काढायला घेतलं त्यांनी सुरुवातीला कुठे अडकलात ते लिहा, नवीन पोरांना फार उपयोग होईल.

माझ्यापासून सुरू करतो. मी रावेरकडचा, घरची केळी. थ्री फेज येते ती बऱ्याचदा रात्री, म्हणून मोटर आपोआप चालू व्हावी आणि एक फेज गेला तर बंद पडावी असं सर्किट मला करायचं होतं. कायकॅड (KiCad, सर्किट काढायचं फुकट सॉफ्टवेअर, स्किमॅटिक एडिटर त्यातच असतो) टाकलं, तेव्हा 6 नंबरचं व्हर्जन होतं. एडिटर पहिल्यांदा उघडताना तो सिम्बॉल लायब्ररीचं टेबल (सर्किटच्या भागांच्या तयार चिन्हांची यादी) विचारतो आणि मी घाईत रिकामं टेबल निवडलं. मग नवीन भाग घ्यायला ए दाबतोय, खिडकी उघडतेय, आत काहीच नाही, रिले नाही की साधा रेझिस्टर नाही, दोन रात्री मला वाटत होतं डाउनलोडच अर्धवट झालंय आणि इथल्या नेटवर पुन्हा एवढं मोठं उतरवायचं म्हणजे जिवावर येतं. शेवटी सेटिंगच्या फोल्डरमधली सिम-लिब-टेबल फाइल काढून टाकली, पुन्हा चालू केलं, तोच प्रश्न परत आला, या वेळी पहिला पर्याय घेतला (समोर रेकमेंडेड लिहिलेलं असतं) आणि सगळं भरून आलं. नवीन माणसाने तो प्रश्न नीट वाचावा, एवढंच कळकळीने सांगतो.

जळगाव, डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो
दरवर्षी एकच चूक बघतो. पोरं स्किमॅटिकच्या फाइलवर डबल क्लिक करतात, एडिटर एकटाच उघडतो, चित्र छान काढून होतं आणि एफ8 दाबलं की पीसीबीकडे (ज्यावर भाग बसतात त्या बोर्डाच्या आराखड्याकडे) काही जातच नाही. कारण तो सुटा उघडलेला असतो, त्याला प्रोजेक्ट माहीतच नाही. आधी कायकॅडची मुख्य खिडकी, तिथे प्रोजेक्ट, आणि तिथून एडिटर, हाच रस्ता. पोरं असंही विचारतात की सर हे फुकट कसं काय, कॉपी आहे का? नाही रे बाबांनो. 1992 साली फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारा यांनी हे सुरू केलं, सोर्स खुला आहे, कुठलीही चोरी करावी लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण क्रॅक टाकून टाकून आमच्या लॅबचे दोन पीसी कायमचे बसले.

शिरपूर
जुना डेस्कटॉप, एडिटर उघडला की पडदा काळा. प्रेफरन्सेसमध्ये कॉमनला जाऊन फॉलबॅक ग्राफिक्स (ग्राफिक्स कार्डावर भार न टाकता चित्र दाखवायचा पर्याय) केलं, दिसायला लागलं. झूम करताना जरा जड चालतं पण काम होतं.

चोपडा
लाइट गेली आणि तासाभराचं काम गेलं असं समजून मी उठूनच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली तर त्याने विचारलं, मागच्या वेळी नीट सेव्ह झालं नव्हतं, ऑटोसेव्हमधलं परत आणू का? हो म्हटलं, शेवटच्या चार वायरी सोडून सगळं जागेवर. घाईत नाही म्हणू नका भो.

धरणगाव, टीव्ही-स्टॅबिलायझर रिपेरिंग, वय 58
पोरगा पुण्याला, त्याने फोनवर सांगत सांगत उघडून दिलं. ए दाबलं, आर लिहिलं, एंटर, तर पट्टीसारखी चौकोनी डबी आली. माझ्या वहीत तीस वर्षं रेझिस्टर नागमोडीच आहे, मला ती डबी पटेना. पोरगा म्हणे आर_यूएस लिहा. लिहिलं, आणि नागमोडी रेझिस्टर माउसच्या टोकाला लटकत आला, आर दाबलं की उभ्याचा आडवा होतो. फोनवर तो विचारतोय, "चालू व्हयनं का दादा?" आणि मी तोवर डब्ल्यू दाबून वायर ओढायला लागलो होतो. आता स्टॅबिलायझरचं अख्खं सर्किट प्रिंट काढून टेबलासमोर लावलंय.