न्यूझीलंडने अमेरिकेची युद्धनौका नाकारली, ते चुकलं का?

नाखवा :
पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा अँझस संरक्षण करार १९५१ चा. १९८५ च्या सुरुवातीला अमेरिकेने 'बुकॅनन' ही विनाशिका न्यूझीलंडला पाठवण्याची परवानगी मागितली. जुनी बोट, इंजिन साधं, अणुशक्तीवर चालणारं नाही. पण जहाजावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, हे अमेरिका कधीच सांगत नसे. पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांच्या सरकारने नकार दिला, आणि माझ्या मते बरोबरच केलं. करारात अण्वस्त्रांचा उल्लेखसुद्धा नाही. आपल्या बंदरात काय येतंय हे विचारणं म्हणजे दगाबाजी नव्हे.

सडेतोड :
साफ असहमत. संकटात धावून या, पण एरवी दारात उभं राहू नका, ही कसली मैत्री? ऑगस्ट १९८६ मध्ये अमेरिकेने संरक्षणाची हमी स्थगित केली, ते न्यूझीलंडने ओढवून घेतलं. ऑस्ट्रेलियातही तेव्हा मजूर पक्षाचंच सरकार होतं. तिथले पंतप्रधान बॉब हॉक यांनी जहाजं येऊ दिली.

नाखवा :
हॉक यांचं अर्धंच सांगितलंत. त्यांनीही फेब्रुवारी १९८५ मध्ये, स्वपक्षातल्या विरोधामुळे, अमेरिकेच्या एमएक्स या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या चाचणीला मदत करण्याचा शब्द मागे घेतला. अमेरिकेने ते चालवून घेतलं. मग न्यूझीलंडलाच शिक्षा का? बाकीच्या मित्रदेशांनी कित्ता गिरवू नये म्हणून, दुसरं काय!

दर्यापार :
न्यूझीलंडच्या १९८७ च्या अण्वस्त्रमुक्तीच्या कायद्यात वाट ठेवलेली आहे. जहाजावर अण्वस्त्र नाही अशी पंतप्रधानांची स्वतःची खात्री पटली की परवानगी. अमेरिकेकडून लेखी घ्यायची अट नाही. त्याच वाटेने नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेची युद्धनौका 'सॅम्पसन' आली आणि न्यूझीलंडमधल्याच कैकोराच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीलाही गेली.

सडेतोड :
३१ वर्षांनी! तोवर शीतयुद्धही संपलं होतं. दक्षिण पॅसिफिकच्या टोकाला बसून तत्त्वं परवडतात. रशियाची सीमा लागून असती तर?

दर्यापार :
नॉर्वेला आहे की लागून. नाटोचा संस्थापक सदस्य. तरी शांततेच्या काळात परदेशी तळ नकोत, हे त्याने १९४९ मध्येच ठरवलं. पुढे अण्वस्त्रंही नकोत म्हणाला. त्याची हमी कुणी काढली नाही.

सडेतोड :
कारण नॉर्वेने येणाऱ्या जहाजांना प्रश्न विचारला नाही. अण्वस्त्रं नसणारच असं गृहीत धरून बंदरात घेतलं. लाँगींनाही हे जमलं असतं.

नाखवा :
जमलं असतं, पण १९८४ च्या निवडणुकीत लोकांना अण्वस्त्रमुक्त देशाचा शब्द कुणी दिला होता? त्यानंतर न विचारता गृहीत धरणं म्हणजे आपल्याच मतदारांची फसवणूक. वॉशिंग्टनची नाराजी मी एक वेळ पत्करेन, ही नाही.