मोठा शिशू: 'कमळ'ला टाळ्या दोन की तीन?

शिशुवर्ग_ताई:
मोठ्या शिशूच्या वर्गात चोवीस मुलं आहेत, साडेचार ते साडेपाच वयाची. ध्वनिजाणिवेचे, म्हणजे शब्दातले आवाज कानाने ओळखण्याचे, खेळ सुरू केलेत, पण गाडी अडतेय. शब्द तोडून टाळ्या वाजवताना 'मामा', 'केळी' झकास जमतं. 'कमळ' आलं की निम्मी मुलं दोन टाळ्या वाजवतात, निम्मी तीन. बरोबर काय धरायचं? दुसरं, "मासा म्हणताना सुरुवातीला कोणता आवाज येतो?" विचारलं तर 'मा' म्हणतात, काही तर 'पाणी' म्हणतात! आणि पालकांना वहीत काहीतरी लिहिलेलं हवं असतं. आधी अक्षरं गिरवून घेऊ का?

काना_मात्रा:
दोन. तोंडाने 'कमळ' म्हणून बघा: क-मळ्. शेवटचा 'अ' मराठीत बोलताना गळतो, लिहिताना तेवढा राहतो. 'घर' लिहायला दोन अक्षरं, बोलायला एकच टाळी. 'चिमणी' लिहायला तीन, पण बोलताना चिम-णी. तीन टाळ्या वाजवणारी मुलं बहुधा घरी गिरवून आलेली असतात किंवा ताईंच्या हाताकडे बघत असतात.

सुरुवातीला हा वादच येऊ देऊ नका. लिहिणं आणि बोलणं जुळतं असे शब्द घ्या: टोपी, वाटी, गाडी, मग बाहुली, बटाटा, आजोबा. हे पक्के झाले की पुरणपोळी (पु-रण-पो-ळी, चार). 'घर', 'कमळ' त्यानंतर.

टाळीऐवजी बाटल्यांची बुचं वापरा, मुलामागे पाच. टाळी लयीत पुढे पळते आणि मूल एक जास्तीची वाजवून मोकळं होतं. बूच सरकवायला थांबावं लागतं आणि शेवटी मोजताही येतं. गोंधळ झाला तर हनुवटीखाली पालथा हात धरायला सांगा. 'बटाटा' म्हणताना हनुवटी तीनदा हाताला लागते. 'मामा'सारख्या शब्दात ओठ मिटतात, त्यामुळे तिथे तर स्पष्टच कळतं.

बोलकी_पाटी:
टाळ्यांचं पटलं. पण त्याच्या आधीची एक पायरी तपासून घ्या. विचारा, "कोणता शब्द लांब आहे, हत्ती की फुलपाखरू?" बरीच मुलं 'हत्ती' म्हणतात, कारण हत्ती मोठा असतो. म्हणजे मूल अजून वस्तूचा विचार करतंय, शब्दाच्या आवाजाचा नाही. मासा विचारल्यावर 'पाणी' म्हणणारी मुलं नेमकी इथेच आहेत. त्यांना पहिल्या आवाजाचा प्रश्न विचारून उपयोग नाही. आधी यमकं, शब्दांची लांबी, नि मुद्दाम चुकीचं म्हटलेलं बडबडगीत पकडणं एवढंच पुरे.

'मा' हे उत्तर मात्र चूक धरू नका. आपली लिपीच अक्षराची आहे, मुलाचा कानही आधी अक्षरच पकडतो. सुटा 'म्' बऱ्याच मुलांना काना-मात्रा शिकतानाच उमगतो. तुमच्या वर्गात या क्रमाने जा:

मासा, माठ, मामा, टोपी – यातला वेगळा कोण? सगळीकडे 'मा' असल्याने हे सोपं.

मग मासा, मोर, मुंगी, टोपी. इथे स्वर बदलतो, व्यंजन तेच राहतं, आणि 'म्' कानाने सुटा करावा लागतो. खरी चढण हीच. इथे घाई केली की मुलं अंदाजाने बोट दाखवू लागतात.

ताणता येणारे आवाज आधी घ्या: म्, स्, न्, श्. "म्म्म्मासा", "स्स्स्साप" म्हणता येतं. क्, ट्, प् ताणता येत नाहीत. ते म्हणायला गेलं की मागे 'अ' चिकटतो, आणि 'क अ आ न' जोडून 'कान' कधीच होत नाही.

आणि 'च' जपून! चाक नि चूल यातला च वेगळा, चिमणी नि चेंडू यातला वेगळा. लिहायला एकच अक्षर म्हणून ही चार चित्रं एका गटात ठेवली तर मूल "वेगळं आहे" म्हणेल, आणि कानाने तेच बरोबर असेल. 'ज' नि 'झ'चंही तसंच: जाळं आणि जीभ.

फिरता_फळा:
दोघांच्या म्हणण्यात भर घालतो, मुख्यतः वर्ग कसा चालवायचा याची. चोवीस मुलांना एकत्र विचारलं की चार मुलं उत्तर देतात आणि वीस त्यांच्या मागोमाग ओरडतात. सहा-सहाचे गट करा, एका गटाला रोज दहा मिनिटं, बाकीचे मातीकाम किंवा ठोकळे. उत्तर तोंडाने न मागता चित्रावर बूच ठेवायला सांगा. 'र'ला 'ल' म्हणणाऱ्या मुलाला बहुधा फरक ऐकू येत असतो, नुसता उच्चारता येत नाही. चित्रं दाखवली तर खार–घार, नाक–नाग, तार–दार अशा जोड्यांत त्याचा कान लगेच कळतो.

घरच्या बोलीकडे लक्ष ठेवा. 'पानी' म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला न–ण ची जोडी देऊ नका. खानदेशात डोळ्याला 'डोया' म्हणतात, तिथे 'ळ'वरचे खेळ अडतील. त्यात मुलाच्या कानाचा दोष नाही.

ज्या मुलाला खार–घारसारख्या जोड्या सतत चुकतात, हाक मारल्यावर वळत नाही, कान गळतो किंवा सर्दी सरत नाही, त्याचा सराव वाढवू नका. आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि वर्गात ते दुर्लक्षासारखं दिसतं.

पालकांसाठी: गिरवणं नको. शुक्रवारी एक चिठ्ठी द्या, "घरात 'स'ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू शोधून आणा." साबण आला की पालक खूश, चमचा आला तर बोलायला विषय.

शिशुवर्ग_ताई:
बुचांचं उद्याच करते. जोडाक्षरांचं काय? वर्गात एक प्रथमेश आहे, दोन चष्मेवाले.

काना_मात्रा:
चष्-मा, दोन बुचं. प्रथ-मेश, तिथेही दोनच. जोडाक्षराला वेगळं बूच नाही, हनुवटी विचारा. 'प्र'मधला प् आणि र् सुटा करणं पहिलीसाठी राहू द्या. आणि मोठी भावंडं 'पाणी'चं 'चणीपा' करत चची भाषा बोलत असतील तर बोलू द्या, धाकटी ऐकून ऐकून अक्षरं सोडवायला शिकतात.