ट्वायलाइट कादंबरीमालिका: पुढचे भाग कोणत्या क्रमाने?

प्रश्न (दादर): रक्तपिपासूंच्या गोष्टी कधीच आवडल्या नाहीत, पण पहिला भाग हातातून सुटेना! पुढचा क्रम काय? मुंबईत जुन्या प्रती कुठे मिळतील?

उत्तर (माटुंगा): ट्वायलाइट (2005), न्यू मून, एक्लिप्स, ब्रेकिंग डॉन (2008). मिडनाइट सन (2020) म्हणजे पहिल्याच भागाची कथा नायक एडवर्डच्या (तोच तो रक्तपिपासू) तोंडून. ते शेवटी घ्या, नाहीतर त्याचं गूढ आधीच उलगडतं. जुन्या प्रतींसाठी फ्लोरा फाउंटनचे किंवा किंग्ज सर्कलचे फुटपाथवरचे स्टॉल बघा. पायरेटेड प्रत ओळखायला मधलं एखादं पान उजेडात धरा: मागची अक्षरं आरपार दिसतात, शाई फिकी असते. पृष्ठक्रम सलग आहेत ना, तेही तपासा.

उत्तर (ठाणे): एक भर. न्यू मूनमध्ये ऑक्टोबर ते जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं असलेली जवळपास कोरी पानं येतात. ती छपाईची चूक नव्हे, प्रत परत करू नका! एडवर्ड सोडून गेल्यावर नायिका बेलाचे महिने कसे सरले ते लेखिकेने असं दाखवलंय. इथेच बरेच वाचक कंटाळतात, कारण तो पुस्तकभर फारसा नाही. बेलाचा मित्र जेकब याच्यासाठी तरी नेटाने वाचा. ब्रेकिंग डॉनचा मधला भाग त्याच्याच तोंडून आहे.