मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर जुनं ऑडिजी साउंड कार्ड दिसतं, पण आवाज नाही

महालकर:
राजेहो, बाबांच्या कॅसेटी संगणकात उतरवायच्या आहेत. भजनं, नाट्यसंगीत आणि आकाशवाणी नागपूरवरून त्यांनी त्या काळी भरून ठेवलेलं बरंच काही. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर फितींचं काय होतं ते सांगायला नको, त्याआधी उरकायचंय.

मशीन असेम्बल्ड. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी41 चा मदरबोर्ड, त्यावर मिंट 22 एक्सएफसीई. बोर्डावरचा लाइन-इन (बाहेरचा आवाज आत घ्यायचा) जॅक सैल झालाय, पिन हलली की खरखर. म्हणून नागपूरच्या सीताबर्डीवरून जुनं साउंड ब्लास्टर ऑडिजी 2 आणलं, पीसीआय स्लॉटवालं. दुकानदारानं विंडोज एक्सपीवर वाजवून दाखवलं होतं, म्हणजे कार्ड जिवंत आहे.

इथे मात्र चिडीचूप. जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय' कमांडमध्ये कार्ड दिसतं, आवाजाची उपकरणं दाखवणाऱ्या 'एप्ले -एल'मध्येही येतं. गाणं लावलं की पावूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या खिडकीतली पट्टी नाचते, पण स्पीकर मुके. तेच स्पीकर मोबाइलला लावले की खणखणीत वाजतात. ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो का?

टर्मिनलवाला:
आधी 'एलएसपीसीआय'ची ती ओळ नीट वाचून सांगा. क्रिएटिव्हनं एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्यात. लाइव्ह 24-बिट आणि ऑडिजी एलएस यांना 'एसएनडी_सीए0106' हा ड्रायव्हर लागतो, खऱ्या ऑडिजीला 'एसएनडी_ईएमयू10के1'.

महालकर:
ओळीत ईएमयू10के2 आणि ऑडिजी सीरीज असं आहे. ड्रायव्हरही ईएमयू10के1च लागलाय.

जुना_पेंग्विन:
मग ड्रायव्हरच्या मागे लागू नका भाऊ, तो कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) येतो आणि तुमचा बरोबर लागलाय. पट्टी नाचते म्हणजे पाइपवायरपर्यंतही (प्रोग्रामांचा आवाज पुढे पोचवणारी यंत्रणा) सगळं ठीक. घोळ त्याच्या खाली, अल्साच्या (कार्डाशी थेट बोलणारा थर) मिक्सरमध्ये असणार.

टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा, एफ6 दाबून ऑडिजी निवडा. उजव्या बाणानं सरकत जा, नियंत्रणांची ही लांबलचक रांग आहे. त्यात 'ऑडिजी ॲनालॉग/डिजिटल आउटपुट जॅक' सापडेल. तिथे 00 असेल तर कार्ड डिजिटल सिग्नल सोडतंय आणि साध्या स्पीकरला काही मिळत नाही. एम दाबून एमएम करा. एरवी एमएम म्हणजे आवाज बंद, इथे उलटं. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला कोपरापासून नमस्कार.

मास्टर, पीसीएम आणि फ्रंट मात्र उघडे ठेवा. मग 'सुडो अल्साक्टल स्टोअर' द्या, म्हणजे मशीन पुन्हा सुरू केल्यावर सेटिंग राहील.

महालकर:
वाजलं!! खरंच 00 होतं. बाबा आतल्या खोलीतून ओरडले, आवाज कमी कर म्हणून. 😄

आता ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये लाइन-इनमधून काहीच येत नाहीये, रेघ सपाट.

टर्मिनलवाला:
अल्सामिक्सरमध्येच एफ4. तिथे 'लाइन'वर जाऊन स्पेसबार दाबा, खाली कॅप्चर लिहिलेलं दिसलं पाहिजे. 'कॅप्चर'ची पातळीही वर घ्या. पावूकंट्रोलच्या शेवटच्या टॅबमध्ये प्रोफाइल ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स (आवाज बाहेरही, आतही) हवं, नुसतं आउटपुट असेल तर रेकॉर्डिंग होणार नाही.

महालकर:
प्रोफाइलच होतं. रेकॉर्ड होतंय, पण मागे सतत घूं असा बारीक आवाज आहे. कॅसेट थांबवली तरी येतो.

जुना_पेंग्विन:
कॅसेट थांबवूनही येतो म्हणजे फितीचा नाही, विजेचा. कॅसेट डेक आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. त्याच बोर्डावर कूलर असेल तर आधी तो काढा. तरी राहिला तर घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) ठेवा, एमपी3 नंतर कधीही करता येईल.