इंग्लंडच्या खेड्यात राहताय? गावच्या कौन्सिलचे, जत्रांचे, भांडणांचे अनुभव इथे लिहा

धागाकर्ती, ऑक्सफर्डशायर

इंग्लंडमधले मराठी म्हटलं की हॅरो, हाउन्स्लो, लेस्टर, मिल्टन कीन्स. पण लॉकडाउननंतर घरून काम सुरू झालं आणि आपल्यातले बरेच जण पार खेड्यात जाऊन राहिले, त्यातलीच मी. एक चर्च, एक पब, एक शाळा, दुकान केव्हाच बंद पडलेलं. काउन्सिल टॅक्सचं पहिलं बिल आलं तर काउंटी, तिच्याखालचं डिस्ट्रिक्ट आणि पोलिस यांच्या जोडीला एक छोटीशी ओळ, पॅरिश कौन्सिल. म्हटलं हे आणखी कोण आणि पैसे कशाचे घेतात, म्हणून मीटिंगला जाऊन बसले. व्हिलेज हॉलमध्ये मेंबर, एक क्लार्क आणि प्रेक्षकांत मी एकटी. मैदानाकडच्या बाकाला तेल लावायचं का रंग यावर इतका वेळ चर्चा की बास, आणि मजा म्हणजे मी पूर्ण ऐकली.

ही गावपातळीची कौन्सिलं 1894 च्या कायद्याने आली, इंग्लंडभर आजही साधारण 10,000 आहेत. मेंबरांना पगार नाही, क्लार्कला असतो. अजेंडा तीन दिवस आधी नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे. शिवाय 1 मार्च ते 1 जून या काळात एकदा सगळ्या मतदारांची सभा घ्यावी लागते, आपल्या ग्रामसभेसारखी, तिथे कोणीही उठून बोलू शकतं. माझं मत झालंय की गावात ओळख व्हायची असेल तर पबपेक्षा या मीटिंगा बऱ्या, कारण तिथे माणसं कमी पडतात आणि नवा चेहरा दिसला की लगेच काम देतात. तुमचं काय? चांगलंवाईट सगळं लिहा.

सफोककर

आमचं गाव पेटलं ते साठ घरांवरून. गावाबाहेरच्या शेतात बिल्डरने अर्ज टाकला आणि एरवी रिकामा असणारा हॉल असा भरला की लोक दारात उभे. लोकांचा समज असा की पॅरिश कौन्सिल नाही म्हणालं की विषय संपला. तसं नसतं हो, ते फक्त मत कळवतात, निर्णय डिस्ट्रिक्टचा. क्लार्कबाई शांतपणे सांगत होत्या की "माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल" आणि "घराची किंमत पडेल" ही कारणं प्लॅनिंगमध्ये धरतच नाहीत, तेव्हा ट्रॅफिक, सांडपाणी, जुन्या संरक्षित इमारती, वन्यजीव यांवर लिहा, आणि सगळ्यांनी एकच पत्र कॉपी करून पाठवू नका. मग काय, एक आजोबा टॉर्च घेऊन रात्रीचे तळ्याकाठी न्यूट, म्हणजे पालीसारखा दिसणारा पाण्यातला प्राणी, शोधत फिरायला लागले. ग्रेट क्रेस्टेड न्यूट हा संरक्षित प्राणी, तो सापडला तर बिल्डरला आधी त्याची सोय बघावी लागते.

डिस्ट्रिक्टने अर्ज फेटाळला, बिल्डर अपिलात गेला आणि प्लॅनिंग इन्स्पेक्टरने मंजूर केला. आता तिथे घरं झालीत, मुलांना नवं प्लेग्राउंड मिळालंय आणि त्या घरांत राहायला आलेले लोकच पुढच्या अर्जाला सगळ्यात जोरात विरोध करतायत 😀

डर्बीशायरची सून

मी भांडणाचं नाही लिहिणार, विहिरींचं लिहिते. आमच्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्ट भागात वेल ड्रेसिंग असतं, उन्हाळ्यात गावोगावी झरे, विहिरी सजवतात, टिसिंग्टनचं सगळ्यात नावाजलेलं, ते असेन्शन डे या ख्रिस्ती सणाला सुरू होतं. आमच्या गावाचंही आहे, छोटंसं. सासूबाईंनी कुठेतरी सांगितलं की हिला रांगोळी येते, झालं, मला घेऊन गेले.

मोठ्या लाकडी पाट्या, त्यांना खिळे मारलेले, आधी पाण्यात भिजत ठेवतात मग त्यात मीठ घातलेला चिखल थापतात, मीठ अशासाठी की तो ओला राहावा. वर कागदावरचं चित्र ठेवून टोचून टोचून रेषा उतरवायच्या. बाहेरच्या रेषेला कॉफीच्या बिया नाहीतर झाडाची बारीक काळी बोंडं. आणि मग पाकळ्या, एकेक, खालून वर लावत जायच्या, वरची पाकळी खालचीवर थोडी चढली पाहिजे, कौलं बसवतो ना तश्शी, म्हणजे पाऊस आला तर पाणी घसरून जातं. मी उत्साहात वरून सुरू करणार इतक्यात शेजारच्या आजींनी न बोलता माझा हात धरून खाली नेला. हायड्रेंजियाच्या पाकळ्यांना भलता भाव असतो, लोकांच्या बागेत जाऊन मागून आणतात. पाकळ्या आधी लावल्या तर कोमेजतात म्हणून शेवटच्या दोन रात्री सगळं गाव त्या शेडमध्ये, चहा आणि केकवर. रांगोळीचा काही उपयोग झाला नाही, चिमटीत रंग धरायची सवय वेगळी आणि हे वेगळं. पण दरवर्षी बोलावतात.

नाव नको, नॉर्थ यॉर्कशायर

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू. गाव चित्रातलं आहे, मान्य. पण शेवटची बस संध्याकाळी पावणेसहाला आणि रविवारी बसच नाही. भाडं सरकारने आधी 2 पौंडांवर बांधलं, 2025 पासून 3 पौंडांवर, पण बसच नसेल तर भाडं काय चाटायचंय. बायकोला गाडी चालवता येत नव्हती तोवर ती घरात कोंडल्यासारखी होती. शेजारी भेटले की हवापाण्याच्या गप्पा भरपूर, कुत्र्याचं नाव माहिती, त्याचं ऑपरेशन माहिती, पण घरात चहाला बोलवायला कोणी तयार नाही. मुलगा वर्गात एकटाच सावळा. त्रास कोणी दिला नाही हे खरं, पण आपण सारखे "कुठून आलात" याचं उत्तर देत असतो त्याचा थकवा येतो. मीटिंगला जा वगैरे ठीक आहे, दोन नोकऱ्या आणि लहान मूल असताना मंगळवारी रात्री साडेसातला कोण जाणार? त्या खोलीत सगळे रिटायर्ड का असतात ते यातच आलं.

धागाकर्ती

@नाव नको, बरं झालं लिहिलंत. रिटायर्डांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आमच्याकडे पन्नाशीखालचं मीच असते.

डेव्हनमधला कौन्सिलर

हो, खरंच कौन्सिलर आहे. पण निवडून आलो असं समजू नका. आमच्याकडे एक जागा रिकामी झाली, अशा वेळी गावातल्या दहा मतदारांनी मुदतीत मागणी केली तरच पोटनिवडणूक होते, नाहीतर कौन्सिल स्वतःच कोणाला तरी घेतं. मागणी कोणी केली नाही, अर्ज माझा एकट्याचा. बिनविरोध म्हणून गावी फोन केला तर वडील म्हणाले, पॅनल कुठलं 😂

मित्रांनो, निम्मा वेळ "हे आमचं नाही" एवढंच सांगण्यात जातो. खड्डे काउंटीचे. कचऱ्याची गाडी डिस्ट्रिक्टची. आमचं काय, तर मैदान, बाक, दफनभूमी, बसस्टॉपचं शेड आणि कुत्र्यांच्या शीचा डबा. त्या डब्यावर जेवढे ईमेल येतात तेवढे देशाच्या संसदेवर येत नसतील. लाल टेलिफोन बूथ पण आमचा, बीटी या फोन कंपनीने बंद पडलेले बूथ 1 पौंडात गावांना द्यायला सुरुवात केली तेव्हा आधीच्या मंडळींनी घेऊन ठेवला, आता आत डीफिब्रिलेटर आहे, हृदय बंद पडलं तर झटका देणारं यंत्र. त्याचा हिरवा दिवा लागलाय का हे नियमाने बघून वहीत लिहायचं काम माझं. बॅटरी आणि पॅड्सना एक्स्पायरी असते हे विसरतात लोक.

भांडणं म्हणाल तर आमच्याकडे जॅकी वीव्हर प्रकार अजून झालेला नाही. आठवतंय ना, चेशरमधल्या हॅन्डफोर्थची ती झूम मीटिंग, 2021 च्या फेब्रुवारीत जगभर फिरली, क्लार्कचं काम बघणाऱ्या जॅकीबाईंनी चेअरमनलाच मीटिंगमधून काढून टाकलं होतं. आमचे चेअरमन अजूनही म्यूटचं बटण शोधायला नको म्हणून समोरासमोरच भेटू म्हणतात.

आणि स्पीडवॉच. पिवळी जॅकेटं घालून रडारगन घेऊन उभं राहायचं, गाडीचा नंबर पोलिसांना कळवायचा, ते पत्र पाठवतात. दंड नाही, नुसतं पत्र. तक्रार अशी असते की बाहेरचे लोक गावातून सुसाट जातात. यादीत बघावं तर अर्ध्या गाड्या आमच्याच गावातल्या.

पुणेकर सध्या लिंकनशायर

मेथी! अलॉटमेंटवर मेथी लावली त्यावरून ओळख झाली गावात. जमिनीचा तुकडा कौन्सिलकडून भाड्याने, मोजमाप अजून रॉडमध्ये, पूर्ण प्लॉट म्हणजे 10 रॉड, साधारण 250 चौरस मीटर. मला अर्धाच मिळाला, तोही बराच काळ यादीत थांबून.

पण खरी गंमत ऑगस्टमधल्या गावच्या शोची. परीक्षक कडक. "घेवड्याच्या पाच शेंगा" लिहिलं असेल तर पाचच. एका काकांनी वर्षभर जपलेल्या, सरळ, एकसारख्या लांबीच्या शेंगा मांडल्या, चुकून सहा. बक्षीस गेलंच, वर कार्डावर तीन अक्षरं, एनएएस, म्हणजे नॉट ॲज शेड्यूल. काका तिथेच उभं राहून पुन्हा पुन्हा मोजत होते. कांद्यांच्या माना वाळवून दोऱ्याने बांधून ठेवतात, बाळांसारखे नटवतात अगदी. माझ्या मेथीला वर्गच नव्हता, "इतर कुठलीही भाजी" मध्ये टाकली. परीक्षकांनी वास घेतला आणि पुढे गेले.

कोल्हापुरी इन केंट

पबवाल्यांसाठी. आमचा पब विकायला निघाला, फ्लॅट होणार अशी बातमी. 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टखाली असा पब "ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू" म्हणून यादीत असेल आणि गावाने इच्छा कळवली तर मालकाला विकायला सहा महिने थांबावं लागतं, तेवढ्यात पैसे उभे करायचे. मालकाने गावालाच विकावा अशी सक्ती मात्र नाही, हे नीट लक्षात ठेवा. आम्ही शेअर काढले, किती का घ्या मत एकच. मला काही नवीन वाटलं नाही, भागभांडवल, सभासद, वार्षिक सभा, आमच्याकडे दूधसंस्थेत हेच बघत वाढलो. इंग्रज मंडळी मात्र एक सभासद एक मत म्हटल्यावर जरा गप्प झाली, विशेषतः ज्यांनी जास्त घातले होते ते. पब चालू आहे. गुरुवारी करी नाईट आणि ती करी मी करत नाही, विचारू नका.

नवीन आहे इथे

एक शंका, माझा पासपोर्ट भारतीय आहे, वर्क व्हिसा. मला मत देता येतं का?

डेव्हनमधला कौन्सिलर

येतं. कॉमनवेल्थचे नागरिक आहोत आपण, कायदेशीर राहात असाल तर नाव नोंदवा, अगदी संसदेच्या निवडणुकीलाही चालतं. बूथवर फोटो आयडी लागतो आता, 2023 पासून, भारतीय पासपोर्ट चालतो. उभं राहायचं असेल तर मात्र आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, वगैरे बघावं लागेल.

सातारकर

नोव्हेंबरचा दुसरा रविवार कोणी लिहिला नाही. गावातल्या स्मारकापाशी अकराला सगळे जमतात, पहिल्या महायुद्धातली नावं वाचतात, एकाच आडनावाची तीन तीन. ज्या गावांतले सगळे जिवंत परतले त्यांना थँकफुल व्हिलेज म्हणतात, ग्लॉस्टरशायरचं अप्पर स्लॉटर तर दोन्ही युद्धांत. आम्ही साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावाच्या बाजूचे, आमच्याकडेही त्याच युद्धात गेलेली माणसं घरोघरी. हे मी एकदा तिथे सहज सांगितलं तर पुढच्या वर्षी पुष्पचक्र ठेवायला मला विचारलं. ठेवलं.

घंटावाला, बाथजवळ

सगळ्यांनी चर्चच्या घंटा सोडून दिल्या का! मी नास्तिक इंजिनिअर, तरी दर आठवड्याला प्रॅक्टिसला जातो, कारण हे गाणं नाही, गणित आहे. सहा घंटा असतील तर क्रम बदलत बदलत 720 प्रकार, एकही परत यायचा नाही. सात असतील तर 5,040, ते पूर्ण वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात आणि कागद बघायचा नाही, पाठ. दोराला जाड लोकरीची पकड असते, तिला सॅली म्हणतात, ती वेळेवर सोडली नाही तर माणूस वर उचलला जातो, म्हणून नवख्याला महिनोन्महिने एकट्याने शिकवतात. शेजारपाजारचे आवाजाची तक्रार करतात ते वेगळं, त्यावरही पॅरिश कौन्सिलला पत्रं जातात.

सध्या आमच्याकडे टेनरला, म्हणजे सगळ्यात जड घंटेला, माणूस नाही. जवळपास कोणी असेल, खांदे मजबूत असतील आणि बुधवार मोकळा असेल तर इथेच कळवा. मराठीत शिकवेन.