६०० ओळींचा पायथन प्रोग्राम: क्लास करू की फंक्शनच राहू देऊ? (बजेट १५०० रु.)

पट्टीवाला: काकांची नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची अडत आहे. त्यांच्यासाठी शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) काढायचा प्रोग्राम लिहिला. निव्वळ फंक्शन, म्हणजे एकेका कामाचे वेगळे तुकडे. वजन, हमाली, तोलाई, उचल (आगाऊ दिलेले पैसे) वजा, पट्टी छाप. चालून राहिला. मित्र म्हणतो हे प्रोसिजरल आहे, ऑब्जेक्ट ओरिएंटेड कर, म्हणजे माहिती अन् तिच्यावर चालणारी फंक्शन एका क्लासमध्ये बांध. अंबियाचा माल १५ दिवसांत सुरू होईल. कोर्स सुचवला तर १५०० च्या आत सुचवा जी.

धरमपेठी: २२ हजार भरून जावा केलं मी. आधी 'वाहन' क्लास लिहायचा, मग त्यातून 'कार' काढायची. चार महिने कारच काढली. पण नोकरी लागली ना बे! जावाच कर.

जुनं खोड: ऑब्जेक्ट ही जावानं आणलेली फॅशन. आम्ही टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर अख्ख्या पतसंस्थेचे पगार काढले. लिनक्सचा कर्नल (आतला गाभा) आजही मुख्यतः सीमध्येच आहे.

इतवारीकर: जावा १९९५ चं, काका. क्लास अन् ऑब्जेक्ट त्याच्या कितीतरी आधी नॉर्वेच्या सिम्युला ६७ मध्ये होते. अन् कर्नलवाले स्ट्रक्टमध्ये (सीमधला माहितीचा गठ्ठा) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचे पत्ते, भरून तेच करतात. फाइल कोणत्याही डिस्कवर असो, वरून रीड एकच.

जुनं खोड: आम्ही त्याला सीच म्हणत होतो.

बुटीबोरी_७१: रॅम किती आहे? आधी ती वाढव. मी वाढवली, मशीन पळून राहिली.

सावनेरची: रॅमचा काय संबंध भाऊ? पट्टीवाला, माझं ऐका. डेअरीसाठी मी 'माणूस' क्लास केला, त्यातून 'शेतकरी' आणि 'गिऱ्हाईक' काढले. मग एक शेतकरीच तूप न्यायला लागला. एकाच माणसाची दोन खाती, एकात जमा, दुसऱ्यात उधारी. वर्षभर निस्तरत होते. वारसा, म्हणजे एका क्लासमधून दुसरा काढणं, वगैरेच्या नादी लागू नका. ज्याला आपली शिल्लक लक्षात ठेवावी लागते, म्हणजे शेतकऱ्याचं खातं, त्याचा तेवढा क्लास करा. हमाली-तोलाईचं गणित फंक्शनच बरं. आणि ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या फंक्शनला सामाईक असलेली माहिती, आहे का कुठे?

पट्टीवाला: आहे एक. चालू_पट्टी. सगळी फंक्शन त्यालाच हात लावतात.

सावनेरची: तिथंच मराल! दोन पट्ट्या एकदम उघडल्या की एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर. पट्टीचा क्लास नका करू, पण ती पट्टी प्रत्येक फंक्शनला हातात द्या.

इतवारीकर: हेच म्हणणार होतो. ग्लोबल काढ.

धरमपेठी: अडत (दलाली) शेतकऱ्याकडून कापतो का बे? फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घेतात.

पट्टीवाला: हाव, खरेदीदाराकडूनच. पण ते गणित तीन ठिकाणी लिहून ठेवलंय. उद्या नियम बदलला तर तिन्हीकडे शोधा.

सावनेरची: मग आज तेवढं एक फंक्शन करा. अर्धा तास लागेल. फुकट.

पट्टीवाला: अडतीचं एक फंक्शन केलं. बाकी काकांना विचारलं. म्हणाले, "गल्ल्यावर मी एकटाच बसतो, दोन पट्ट्या कोण उघडते? निघून राहिली ना? मंग हात नको लावू." ग्लोबल तसाच ठेवला. १५०० मध्ये प्रिंटरचे रोल आणले.

सावनेरची: 🙏

धरमपेठी: जावा करायला पाहिजे होतं.